इखाची राखण

"आधी बसतो, मग सांगतो."

दवाखान्याच्या पायरीशी आले की आबांचं हे पहिलं वाक्य. बरोबर लंगडणारं वासरू असो, पोट फुगलेली गाय असो, की जखमेतून रक्त गळणारी कालवड असो, आबा आधी जनावर लिंबाला बांधायचे. मग खांद्यावरचं घोंगडं चौपदरी करून पायरीवर टाकायचे, वहाणा काढून त्यातले खडे झटकायचे आणि बसायचे. एक लांब श्वास सोडून म्हणायचे, "हं. आता ऐका."

आमचे डॉक्टर हैदराबादचे. त्यांना हे बसणं सोसायचं नाही. ते आतूनच ओरडायचे, "अरे बाबा, यहाँ बैठने आये क्या?"

"व्हय साहेब," आबा शांतपणे म्हणायचे. "चालनं तर रोजचंच हाय."

निजामाच्या राज्यातले शेवटचे दिवस होते ते, पण शेवटचे आहेत हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. मी तेवीस वर्षांचा, ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. दवाखान्यावर उर्दू पाटी होती आणि ती वाचू शकणारी माणसं तिथं क्वचितच यायची. औषधं कुटणं, मलमं घोटणं आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची लाथ चुकवणं, एवढं माझं काम. आबा जळकोटच्या वरच्या माळावरून तीन कोस चालत यायचे. गावात त्यांना दुसरं नाव होतं. मी आबा म्हणायचो, तेच इथं पुरे.

माळावर त्यांची एकाच घराची वस्ती होती. एक मुलगा, एक सून आणि तीस-बत्तीस खिल्लार जनावरं. रान म्हणाल तर मुरमाड, कुसळी गवताचं. जे काही होतं ते गाईंवर होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याकडे पाहून वाटतं की हे जनावरं सांभाळत नाहीत, जनावरंच यांना कुठं कुठं घेऊन जातात. आबांचं अंग तसं झालं होतं. उभे राहिले तरी एका पायावर भार देऊन, गाय उभी राहते तसे.

पहिल्यांदा त्यांनी मांडीला चावा घेतलेलं वासरू आणलं, तेव्हा मी जखम पाहून म्हणालो, "कुत्रं चावलं दिसतंय."

आबा हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरून वासराच्या मांडीवर मागच्या बाजूनं ठेवला. "हितं बगा. शिरंपाशी. कुत्रं रागानं चावतंय, कुटंबी चावतंय. लांडगं कामानं चावतंय. त्याला ठावं असतंय, ही शीर तुटली की जनावर बसतंय."

त्या दिवसापासून जखम बघून मी चावा ओळखायला शिकलो. डॉक्टरांना हे पुस्तकातून माहीत होतं, मला आबांकडून कळलं.

लांडग्यांशी त्यांचं भांडण जन्माचं होतं. त्यांच्या बापाचंही होतं. काट्याचं कुंपण करून झालं, कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून झाले, जाळ करून झाला, डबे बडवून झाले. प्रत्येक उपाय ते सारख्याच आवाजात सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "दोन म्हयनं चाललं." म्हणजे दोन महिने लांडगे बिचकले, मग सरावले.

"बिळात धूर करतात म्हणे," मी एकदा विचारलं.

आबांनी वासराच्या पाठीवरची गोचीड काढून टाकली. मग म्हणाले, "ज्वानीत केला हुता येकदा. च्यार पिल्लं मेली. पुढं म्हयनाभर त्येंची माय रोज दिस मावळायला वस्तीभवती फिरायची. वासराला हात लावला न्हाय तिनं. नुस्ती फिरायची. त्यापरीस येकादं वासरू नेलं आसतं तर बरं झालं आसतं."

एवढं बोलून ते उठले, घोंगडं झटकलं आणि वासरू घेऊन निघाले. वासराच्या चालीनं चालायचं म्हणजे तीन कोसांना दुपार ओलांडायची.

मग तो हिवाळा आला.

महायुद्धाची लढाई चालू होती. सरकारी लेव्हीत ज्वारी गेली होती आणि रानातली रब्बी अजून हिरवी होती. माळावर पूर्वी हरणांचे कळप असायचे. मोटारीतून येणाऱ्या शिकारी साहेबलोकांनी ते संपवले होते. गावात परवान्याची बंदूक एकच, पाटलांची, तीही कचेरीत जमा झालेली. लांडग्यांना हरणं राहिली नव्हती आणि माणसांना बंदूक. पौष लागेपर्यंत जळकोटच्या अंगानं वासरं, मेंढरं इतकी गेली की पाटलांनी अर्ज केला. त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले.

वरून हुकूम आला, त्याच्याबरोबर एक लहान बाटली आली. आत कुचल्याचं विष होतं, बारीक मिठासारखं पांढरं. मेलेल्या जनावराला ते लावायचं, लांडगे परत खायला येतात तेव्हा मरतात, मग पाहणी करून कळवायचं. डॉक्टरांना दौरा होता. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, "हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नकोस."

मी जळकोटला पोचलो त्याच्या आदल्या संध्याकाळी आबांची तांबडी कालवड ओढ्यात मारली गेली होती. दीड वर्षाची. मागचा भाग खाल्लेला, पुढचा तसाच, डोळे उघडे. आबा तिच्याशेजारी बसलेले. मला बघून म्हणाले, "या. अंगठा म्याबी दिलाय."

मी चाकूनं मांसात चिरा पाडत होतो आणि काडीनं विष भरत होतो. आबा कालवडीचा पाय धरून होते, जशी ती अजून लाथ मारणार होती. पाटील थोडे लांब, नाकाला उपरणं लावून उभे.

"ह्येला कोनकोन खातंय, ठावं हाय का तुमास्नी?" आबांनी मला विचारलं.

"लांडगे. कोल्हे. गिधाडं. कुत्री खातील, तुमची बांधून ठेवा."

"आनि मानसं," आबा म्हणाले.

माझा हात थांबला. मला ते सुचलंच नव्हतं. गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम वेशीबाहेरच्या वस्तीचं होतं, आणि त्या ढोराचं मांसही त्यांच्याच वाट्याचं. तशी रीतच होती, ती कुणी घातली आणि का घातली, हा विचार गावात कुणी करत नव्हतं. लेव्हीच्या त्या हिवाळ्यात तर त्या वस्तीत दुसरं काही शिजतच नव्हतं.

"दवंडी देऊ की," पाटील म्हणाले. "कुनी जायचं न्हाय म्हनून."

"द्या," आबा म्हणाले. "पन पाटील, दवंडी पोटाला आयकू येत न्हाय."

संध्याकाळी दवंडी झाली. मी चावडीत उतरलो होतो, तिथं ती ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेलो तर आबा कालवडीपासून पन्नास पावलांवर, बाभळीखाली घोंगडं पांघरून बसलेले. डोळे लाल. रात्रभर तिथंच होते.

"आबा, तुम्ही इथं का?"

"राखन करतोय."

"कशाची?"

"इखाची," ते म्हणाले.

दुपारपर्यंत ही बातमी गावात पोचली. पाटील तणतणत वर आले. "आबा, तुमी हितं बसल्यावर लांडगं कसं यील? सरकारनं इख दिलंय ते काय गिधाडांसाठी?"

"म्या उठलो तर मानूस यील."

"दवंडी दिलीया की!"

आबांनी वाद घातला नाही. त्यांना वाद घालण्याचं बळच नव्हतं. ते नुसते मान हलवत राहिले, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नव्हतं. पाटील परत गेले. खरं तर पाटलांचं चुकत नव्हतं. त्यांची सहा वासरं गेली होती. आणि आबांचंही चुकत नव्हतं. मी दोघांच्या मधे हात धुतलेला सरकारी माणूस उभा होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याच्या बाजूनं एक बाई आली. तिशीतली असेल, हातात विळा आणि डोक्यावर रिकामी पाटी. आम्हाला बघून थबकली, पण मागं फिरली नाही.

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "माय, त्येला हात लावू नगंस. इख हाय त्यात."

"ठावं हाय," ती म्हणाली. "दवंडी माज्याच मालकानं दिली."

"मग?"

"मग काय? म्हनलं पुडचा पाय तरी चांगला आसंल. मागनंच लावलं आसंल इख." तिनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय का सायेब? पुडच्या पायात हाय का?"

मी सांगितलं की सगळीकडं आहे. ती पाटी खाली ठेवून आबांना म्हणाली, "आमच्या वाट्याचं ढोर तुमी नासवून ठिवलं. गावानं ठरवलं, सरकारनं ठरवलं. आमास्नी कुनी इचारलं? दोन दिस चूल न्हाय पेटली आमची."

मला वाटलं आबा लांडग्यांचं सांगतील, आपल्या कालवडीचं सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "चुकलं माय."

मग त्यांनी वस्तीकडं तोंड करून सुनेला हाक मारली. सून आली. आबांनी तिला भिंतीतल्या कणगीतली ज्वारी पाटीभर आणायला सांगितली. सुनेचा चेहरा उतरला. लेव्हीवाल्यांच्या नजरेतून वाचवलेली ती ज्वारी होती आणि सुगीपर्यंत त्यांच्या घरातही तेवढीच होती. पण सासऱ्यासमोर ती बोलली नाही, पाटी घेऊन गेली.

बाईनं विचारलं, "ही भीक हाय का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "ढोराच्या बदली हाय. तुज्या वाट्याचं."

ती ज्वारी घेऊन गेली. जाताना मागं वळून म्हणाली, "आमच्या वस्तीत समद्यास्नी सांगते. कुनी येनार न्हाय आता. तुमी निजा जरा."

आबा तरीही उठले नाहीत. पण चौथ्या दिवशी पहाटे माळावर धुकं उतरलं आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. तीन रात्रींचा जागा माणूस, लागायचाच. मी उन्हं वर आल्यावर पोचलो तेव्हा कालवडीजवळ चार गिधाडं मरून पडली होती. आबा ओढ्याच्या काठावर उभे होते. पाण्याशी लांडग्याची मादी पडलेली, पाय ताठ, मान मागं ओढलेली. थोड्या अंतरावर ज्वारीच्या बांधाला नर.

मी आयुष्यात पहिल्यांदा लांडगा इतक्या जवळून पाहिला. इतके दिवस ज्याच्या नावानं गाव थरथरत होतं, तो आमच्या गल्लीतल्या कुत्र्यापेक्षा थोडा मोठा, अंगानं रोडका, बरगड्या मोजता येतील असा.

"डोळा लागला म्हनून झालं," आबा म्हणाले. "जागा आसतो तर आली नसती." असं म्हणताना त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते मी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

मग ते वाकले आणि त्यांनी मादीच्या पोटावर हात ठेवला. हात तसाच राहिला.

"दुबती हाय," ते म्हणाले.

मुलाला त्यांनी लाकडं रचून कालवड, लांडगे, गिधाडं सगळं जाळायला सांगितलं, तुकडाही मागं राहता कामा नये म्हणून. स्वतः कुदळ घेतली आणि ओढ्यानं वर निघाले. मी मागोमाग गेलो. बाटली, चाकू आणि कागद असलेली पिशवी माझ्या खांद्याला होती. अर्ध्या कोसावर मुरमाची दरड होती आणि तिच्यात बीळ. आबा गुडघ्यावर बसले, मग पालथे पडून त्यांनी कान लावला. आतून बारीक कुईकुई येत होती. मलाही ऐकू आली.

"तीन आसतील. न्हाय, च्यार," ते उठून बसत म्हणाले. "मायबी गेली, बापबी गेला. आता ह्यास्नी खायला कोन घालनार?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दोन-तीन दिस काढतील उपाशी," आबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्या बाटलीत काय ऱ्हायलंय का? लगीच झालं आसतं."

बाटलीत अजून निम्मं विष होतं. मी म्हणालो, "संपलं, आबा."

का म्हणालो? तेव्हा वाटलं होतं की मी पिल्लांना वाचवतोय. पण वाचवून कुणाच्या हवाली करणार होतो, हा विचार मी केला नव्हता. तीन दिवसांपूर्वी याच हातानं विष भरलं होतं, आणि आता आतून आवाज येतोय म्हटल्यावर हात मागं घेत होतो, एवढंच.

"बरं," आबा म्हणाले. "तुमी खाली जावा."

मी खाली ओढ्याशी जाऊन बसलो. वरून कुदळीचे आवाज आले, मग थांबले. बऱ्याच वेळानं आबा उतरले. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. पाण्यात हात घालून ते धूत राहिले, माती गेली तरी धूत राहिले.

"च्यार हुती," ते म्हणाले. "डोळं उघडलं हुतं. पुरलं."

मी पाहणीचा कागद काढला. उर्दूत लिहिलं, दोन लांडगे मेले. मग विचारलं, "आबा, पिल्लं लिहू का?"

"ती लिवू नगा," ते म्हणाले. "ती सरकारनं मारली न्हाईत."

त्यानंतर त्या माळावर वर्षभर वासरू गेलं नाही. पाटलांनी दवाखान्यात डॉक्टरांसाठी तुपाचा डबा पाठवला. पुढच्या वर्षी मात्र नळदुर्गाच्या अंगानं दुसरी जोडी आली, आणि पुन्हा वासरं जायला लागली. पुन्हा अर्ज झाला. त्यावर आबांचा अंगठा नव्हता असं मी ऐकलं. त्यांनी निम्मी जनावरं जावयाच्या गावी पाठवून दिली होती आणि उरलेली वस्तीच्या नजरेतच चारत होते. त्यामुळं गवत पुरत नव्हतं, गाई वाळल्या होत्या. सून धुसफुसायची. आबा म्हणायचे, "जेवडं राखता येतं तेवडंच आपलं."

खुरकताची साथ आली तेव्हा ते एक गाय घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टर नव्हते. मी गाईचे खूर लाल औषधानं धुतले, त्यांना चहा दिला. बाकी कुणी नव्हतं, आणि दोन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी बोलून टाकलं.

"आबा, त्या दिवशी बाटलीत होतं. मी खोटं बोललो."

आबांनी बशीतला चहा संपवला. बशी उपडी करून ठेवली.

"ठावं हुतं," ते म्हणाले. "चालताना बाटली चाकूवर वाजत हुती. निम्म्या बाटलीचा आवाज येगळा येतो."

"मग तुम्ही मागितली का नाही?"

"मागून काय करू? तुमच्यानं झालं नसतं. कुनीतरी करायचंच हुतं." मग माझ्याकडं बघून, अगदी सौम्यपणे, लहान भावाला सांगावं तसं म्हणाले, "तुमी न्हाय म्हनला, ते वाईट न्हवतं. पन हातानं लई वेळ लागला."

ते लिंबाला बांधलेली गाय सोडून तिला घेऊन निघाले. माझ्याच्यानं पायरीपर्यंतही जाववलं नाही.

पुढं ते पेटलेलं वर्ष आलं. सडकेवरून रझाकारांच्या लॉऱ्या गेल्या, नंतर फौजेच्या. गावं रिकामी झाली, भरली, काही पुन्हा भरलीच नाहीत. आमचे डॉक्टर एके दिवशी बायकामुलांना घेऊन हैदराबादला गेले. निरोप घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही, टेबलावर त्यांचा चष्मा राहिला. दवाखाना काही महिने बंद राहिला. उघडला तेव्हा पाटी बदलली होती आणि माझी बदली धाराशिवला झाली होती. या सगळ्यात मला आबांची आठवण आली असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. त्या दिवसांत माणूस आपला जीव आणि आपलं घर, एवढंच आठवत होता.

वर्षभरानं घटसर्पाच्या लशीच्या फेरीत मी जळकोटला गेलो. गावातली जनावरं टोचून झाल्यावर माळावर गेलो. मुलगा दारात दावं वळत बसला होता. मला ओळखून उठला, घोंगडं अंथरलं. मी आबांची चौकशी करायच्या आधीच त्यानं सांगितलं.

"बा गेला. लॉऱ्या चालू हुत्या त्याच दिसांत. ताप आला हुता, दुसरं काय न्हाय. आवशीद आनायला सडकंवर जाता येत न्हवतं."

"काही बोलले का?"

"काय न्हाय. पानी मागितलं. दोनदा मागितलं."

सून आतून ताक घेऊन आली. आता तीच गाई राखते असं तो म्हणाला. जनावरं अकरा उरली होती. मी त्यांना टोचायला उठलो. मुलगा एकेक गाय धरत होता, मी सुई टोचत होतो. शेवटची गाय सोडल्यावर तो हात पुसत माळाकडं बघत म्हणाला,

"बाला नेलं त्या दिशी गावातनं दुसरं कुनी वर यायला धजलं न्हाय. आमी तिघंच. म्या, पाटलाचा गडी आनि वेशीभाइरचा येक. बाला उचलून निगालो तवा गाई समोरच चरत हुत्या. जनावराला कळतंय म्हनतात, हंबरतंय म्हनतात. आमच्या गाईंनी मानबी वर केली न्हाय, सायेब."

मी म्हणालो, "वाईट वाटलं असेल तुला."

"न्हाय," तो म्हणाला. "मान वर करत न्हाय म्हंजी रानात त्यांस्नी भ्यायजोगं काय न्हवतं. बाच्या समद्या जन्मात असा दिस म्या मोजकाच बगितला हुता. म्हनून आमी जरा सावकाशच नेला त्याला, गाईंच्या मधनं."